उपाशी नाव

३ नोव्हेंबर

आलो बाई एकदाचे! हेलिकॉप्टरमध्ये बाळ माझ्या अंगावर दोनदा ओकलं, पण उतरले तर अख्खं गाव, कुत्र्यांसकट, घ्यायला हजर. काम काय, तर गावचं दुकान सांभाळायचं. राहायला दुकानामागचं हे लाल घर, शेगडी मस्त तापणारी. आणखी काय हवं? बाळाचा बाप मार्चपर्यंत मासेमारीच्या जहाजावर, म्हणजे तोवर राज्य माझंच.

घर साकेउस नावाच्या शिकाऱ्याचं. तो उन्हाळ्यात वारला. बायकोला, इनालुकला, त्याच्यामागं इथं करमेना, म्हणून ती शेजारच्या लहान घरात गेली. आज बाळाला बघायला आली तर हातात मोजे नाहीत, आणि हात किटलीसारखे गरम! माझे दुहेरी मोजे बघून म्हणाली, आली बघा नूक शहरातली नाजूक बाई. मी म्हटलं, आजी, रक्त एकच आहे आपलं. तर म्हणते, रक्त एकच ग, पण तू ते हीटरपाशी बसून नासवलंस. हसून हसून पुरेवाट झाली.

९ नोव्हेंबर

सहा महिने बाळ बिननावाचं होतं. आज नाव ठेवलं, साकेउस. इथली रीतच आहे, गेलेल्या माणसाचं नाव बाळाला द्यायचं, म्हणजे ते माणूस बाळातून परत येतं. चर्चचे पाव्हियाकाका मात्र कुरकुरत होते. साकेउसचा घसा बंद झाला होता, तो उपाशी गेला. उपाशी माणसाचं नाव लगेच कुणाला देऊ नये, आधी शांत होऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. इनालुकनं झापलंच त्यांना. तू गप रे, नवरा माझा की तुझा? मलाही गावात मिसळायची घाई झालेली. मी म्हटलं, द्या की!

आता ती बाळाला चक्क ‘अहो’ म्हणते. अहो, लंगोट ओला केलात वाटतं? अहो, जिवंतपणी कधी एवढे हसला नाहीत ते! सीलचं मांस स्वतः चावून मऊ करते आणि बोटानं भरवते. आमचे ‘अहो’ मिटक्या मारत खातात. मला इतकं बरं वाटलं, की झोपताना उगाचच रडले.

१६ नोव्हेंबर

बाळानं आज मांस थुंकलं. दूधही घेईना. ताप नाही, दात येत नाहीत, नुसते ओठ घट्ट मिटलेले.

बाळाच्या टाचेचं रक्त तपासलं होतं, तेव्हा नर्सनं मला समोर बसवून सांगितलं होतं. आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चरबी-मांसावर दिवस काढले, ते रक्तात मुरलंय, पिढीजात उतरतं. चरबीवर आणि थंडीत तगायला ते बरं. पण तान्ह्या बाळाला त्यापायी उपास सोसत नाही. पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते आणि बाळ झोपेतच जातं. काहीही कर, म्हणाली होती, पण उपाशी ठेवू नकोस.

इनालुकला हे सांगितलं आणि तिचं हसू मावळलं. तिचं पहिलं पोर तसंच गेलं होतं, झोपेत.

१७ नोव्हेंबर

वादळ सुटलंय. हेलिकॉप्टर येणार नाही, फोनही बंद पडलाय. गालाच्या कोपऱ्यातून साखरपाणी सोडतेय. निम्म्याहून अधिक बाहेरच येतं.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही. चमचा पुढं केला, तर बाळानं माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला सारलं, थकलेल्या म्हाताऱ्यासारखं. मग खोकलं. तो बाळाचा खोकला नव्हता. इनालुकनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला. म्हणाली, शेवटी शेवटी ते अस्संच करायचे.

१८ नोव्हेंबर

पाव्हियाकाका म्हणतात, नाव बदला, दुसरा उपाय नाही. पण त्यालाही नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव लागतं. वर्षभरात साकेउसशिवाय गावात कुणी गेलेलं नाही. मी ओरडले, माझं द्या! तर म्हणाले, जिवंत माणसाचं नाव बाळावर बसत नाही, पोरी. मग ते वायरलेस लागतो का बघायला शाळेकडे गेले.

बाळाची मान लुळी पडलीय.

इनालुकनं बाळाची मान सावरली. मग म्हणाली, माझी हाव नडली ग. बाळाचा मुका घेतला. अहो, म्हणाली, फार छळलं मी तुम्हाला, सुटा आता. मला म्हणाली, बाळाला माझ्या नावानं हाका मारत राहा. नाव मोकळं झालं, की बाळ आपणहून आ करील. अंगरखा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि दार उघडून गेली.

मी अडवलं नाही. नुसती बघत राहिले —

१८, नंतर

बाहेर बर्फात, साकेउसच्या बोटीपाशी बसलीय. दुकानाच्या दिव्यात दिसते. इनालुक, इनालुक — हाका मारतेय. ओठ मिटलेलेच. म्हणजे ती अजून आहे.

ते गरम रक्त! दुसरं कुणी असतं तर केव्हाच —

मर ना ग आता.

देवा, काय लिहिलं मी हे —

१९

काच बर्फानं भरली. काही दिसत नाही. पाव्हियाकाका आले नाहीत. बाळाचा श्वास — आहे. आहे अजून.

इनालुक. इनालुक, आ कर बाळा, आ —

आ केलं!

खातंय! मीच चावून दिलं, बोट चोखतंय, गिळतंय! माझ्या बाळा —

म्हणजे ती गेली. गेलीच असणार. आजी ग —

दार वाजलं.

वारा असेल.

तिचाच आवाज. पोरी, उघड ग, हात गार पडले माझे. तिचे हात तर कधीच —

ती असेल तर उघडायला हवं. मरेल ना ती. पण ती जिवंत असेल, तर बाळ खातंय कसं? आणि जिवंत असून मी तिला आत घेतलं, तर नाव तिच्याकडं परत — बाळ पुन्हा —

अहो, म्हणतेय. अहो, तुम्ही तरी सांगा हिला.

बाळ खायचं थांबलं. दाराकडं बघतंय. हसतंय —

दार किलकिलं होतंय. कडी मी लावली होती. लावली होती ना मी क