आक्का, तुझं लुगडं पोचलं

प्रिय आक्का,

काल दिवस मावळता मावळता आई आणि मी खासबागच्या माझ्या खोलीवर परत आलो. कालच तुला लिहायला बसणार होतो, पण गाडीच्या मुठी धरून बोटं अशी ताठली होती की पेन धरवेना. आज कामावर गेलो नाही. चहूकडून मागांचा खडखडाट चालू आहे आणि त्यात आई झोपली आहे. भरदुपारी, भिंतीकडे तोंड करून! आई दुपारची झोपलेली तू कधी पाहिली होतीस का गं? तू गेल्यापासून तर तिला रात्रीचीही झोप नव्हती.

लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की गावाकडच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं तुझं लुगडं आता तिथं नाही. ते कुठं गेलं हे तुला कुणीतरी नीट सांगायला हवं. आईला काही क्रमानं सांगता येत नाही, आणि मला क्रम सोडून सांगता येत नाही. नववीत शाळा सुटली तेव्हा तू म्हणाली होतीस, "शाळा सोडलीस तर सोडलीस, ऱ्हस्व-दीर्घ सोडू नकोस." ते तेवढं सांभाळलं आहे.

ते लुगडं मी माझ्या मागावर विणलं होतं. हिरवं, जांभळ्या काठाचं. दिवाळीला तुला द्यायचं म्हणून आईनं गावाकडं जपून ठेवलं होतं. आणि दिवाळीच्या आधीच दाजींचा फोन आला. ताप काय, आणि माणूस काय! चार दिवस अंगावर काढलास, आक्का. एक फोन करायला काय झालं होतं तुला? "आईला उगाच काळजी नको" असं म्हणाली असशील. तुझ्या त्या न दिलेल्या काळजीनं आई किती वाळली आहे, बघायला हवी होतीस.

बाई सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. आईनं रडणं बाजूला ठेवून आधी ट्रंक उघडली. पण निपाणीपासून तुझं सासर केवढं लांब! पहिली बस धारवाडच्या अलीकडं बंद पडली, दुसरीत आईला उलट्या लागल्या. तुझ्या सासरच्यांनी वाट पाहिली, हे मला मान्य आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण दिवस बुडायला आला तसं त्यांना थांबता येईना. आम्ही पोचलो तेव्हा नुसती ऊब राहिली होती. कुणीतरी म्हणालं, लुगडं राखेवर पांघरा. आई म्हणाली, "राखंला लुगडं नेसवत्यात व्हय?" आणि पिशवी छातीशी धरून परत बसमध्ये येऊन बसली.

लोक म्हणाले, अहेव गेली, नशिबाची. आई मात्र एकच म्हणत राहिली, "माझी लेक उघडी गेली." भाकरी थापताना, भांडी घासताना, मध्येच. दोन वर्षं, आक्का. मी रविवारी गावी गेलो की ऐकायचो आणि सोमवारी मागावर उभा राहिलो तरी तेच ऐकू यायचं.

बागेत जायचं सुचलं ते तुझ्याच बोलण्यावरून. मागं एकदा फोनवर हसत सांगितलं होतंस, की दाजी माळीकाम करतात त्या बागेत तुलाही काम मिळालंय, तिथं सिमेंटचं अख्खं गाव उभं करताहेत, आणि एका पुतळ्यासाठी नमुना म्हणून तुला बसवलं होतं. "मी म्हातारी झाले तरी ती तश्शीच राहणार बघ, म्हश्या. तिला ना सासू, ना सरपण आणायचं! तुझ्यासारख्या म्हशी पण आहेत इथं, बघायला ये." येतो येतो म्हणत राहिलो. गेल्या महिन्यात मला ते सहज आठवलं आणि मी आईपुढं बोलून गेलो. ती हातातली भाकरी टाकून उठली. "मग तिथं न्हेऊ लुगडं," म्हणाली. "पर त्या घरात मी पाय ठेवणार न्हाय."

त्या घरात, म्हणजे दाजींच्या. तुला जाऊन वर्ष व्हायच्या आत दाजींनी दुसरं लग्न केलं. तिचं नाव गिरिजा. आईच्या तोंडात ते नाव कधी आलं नाही. 'ती' म्हणायची, तेही क्वचित.

बस आईला सोसत नाही, म्हणून गाडीवर. मी चेन बघितली, हवा बघितली, ब्रेक बघितले, परत हवा बघितली. आई म्हणाली, "अरं, चाकं दोनच हाईत न्हवं?" पहिल्या दिवशी गावाहून खासबाग, मुक्काम, आणि काल पहाटे पुढे. आई एका बाजूला पाय टाकून बसलेली, एका हातानं मांडीवर पिशवी धरलेली. दुसरा हात माझ्या खांद्यावर. मी आरशात रस्ता कमी आणि आईचा पदर जास्त बघत होतो, चाकात जाईल म्हणून. कित्तूरच्या पुढं ट्रकांच्या वाऱ्यानं गाडी हलायला लागली तशी मी थांबलो. आई उतरली तर तिचे पाय सरळ होईनात. परत फिरूया का, विचारलं. तिनं ऐकलंच नाही. पायाला चोळत उभी राहिली आणि म्हणाली, "चल, ऊन व्हतंय."

धारवाड मागं पडलं, मग सपाट काळं रान, मग वारा, मग पुन्हा तेच. इतकं लांब दिलं होतं तुला, आक्का? लग्नात मी वऱ्हाडाच्या गाडीत झोपलो होतो, मला कळलंच नव्हतं.

बागेच्या दारात पोचलो तेव्हा दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं. आणि आत शिरताच आईनं काय करावं? समोर पारावर पाच-सहा म्हातारे बसलेले, फेटे, मिशा, एकाच्या हातात चिलीम. आईनं झटकन डोक्यावरून पदर घेतला, खाली बघत बाजूनं गेली. मीही मान लववली. दहा पावलं पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांतला कुणीच हलला नव्हता. आईला सांगितलं तर म्हणाली, "असू दे. थोर मानसं हाईत."

काय बाग आहे ती! न्हावी गुडघ्यात डोकं धरून हजामत करतोय, पोरं झाडाला लोंबकळताहेत, बाया पाणी शेंदताहेत, एक म्हातारी सुनेला शिव्या देतेय असं तिच्या तोंडावरूनच कळतं. म्हशीही बघितल्या. माझ्यासारख्या नाहीत. पण मला सारखी धास्ती, की एवढ्या बायांत तू कुठली? कपाळ तेच, कुंकू तेच, सगळ्यांना एकच नाक. सिमेंटवर तेलकट रंग चढला की माणूस माणसासारखं दिसतं, पण अमुक एक माणूस दिसत नाही. प्रत्येक बाईसमोर उभं राहून मी तुझा चेहरा आठवायला बघत होतो आणि प्रत्येक वेळी तो थोडा थोडा पुसला जात होता. घाबरलो, आक्का. एवढ्या लांबून आईला आणलं आणि तू सापडली नाहीस तर?

आई मात्र तोंडं बघतच नव्हती. ती हात बघत चालली होती. चुलीपुढं बसलेल्या एका बाईजवळ ती थांबली. बाई परातीत भाकरी थापत होती. डाव्या हातानं.

तुला आठवत असेल. लहानपणी तू सगळं डाव्या हातानं करायचीस आणि आई त्या हातावर उलथनं मारायची. सासरी नावं ठेवतील म्हणून. लग्नापर्यंत तू उजवी झाली होतीस, आई सगळ्यांना अभिमानानं सांगायची. आणि इथं, सासरी येऊन, तू पुन्हा डावीच!

आई त्या हाताकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी मारलं ते फुकटच गेलं की गं." मला वाटलं रडेल. तर ती हसली, आणि हसता हसता खाली बसली.

मग पिशवी उघडली. मी दारावरची पाटी पूर्ण वाचली होती, तू ओळखतेसच मला. कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पुतळ्यांना हात लावू नये, हळदकुंकू, हार, कापड वाहू नये. मी आईला सांगत होतो तोवर राखणदार आलाच. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, पलीकडच्या आज्जीच्या पुतळ्याला कुणीतरी एकदा नारळ फोडला, तेव्हापासून लोक नवस बोलायला लागले, तिला रंग तीनदा द्यावा लागला. एकाला परवानगी दिली की सगळं गाव देव होऊन बसेल. मी कन्नडमध्ये विनवत होतो, माझं कन्नड कामापुरतंच, आणि रडकुंडीला आलं की तेही पळतं. आई लुगडं हातात धरून बसलेली. एवढं करून पुन्हा तसंच परत न्यायचं? मला वाटलं, परतीच्या वाटेवर हिचं काहीतरी होणार.

तेवढ्यात पाण्याची बादली घेऊन एक बाई आली. तुझ्याच वयाची असेल, काळीसावळी, हातात ओलं फडकं. आमच्याकडं लक्ष न देता ती चुलीजवळ बसली आणि तुझं तोंड पुसायला लागली. कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, कानाच्या मागं. लहान पोराला पुसतात तसं. मग तिनं आमच्याकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं, आणि तिचा हात थांबला.

ती गिरिजा होती, लग्नाच्या फोटोत मी पाहिलेली. तुझ्या जागी तिला बागेत काम मिळालं आहे.

आईनंही ओळखलं. कसं, माहीत नाही. लग्नाचा फोटोसुद्धा तिनं बघितला नव्हता. तिनं कोरड्या आवाजात एवढंच विचारलं, "टाक केलायस का हिचा?"

आपल्यात दुसरेपणाची बायको गेलेल्या पहिलीचा चांदीचा एवढासा टाक करून देव्हाऱ्यात ठेवते, रोज त्याला पाणी घालते. न करणारीला लोक नावं ठेवतात. मला वाटलं, आता भांडण.

गिरिजा कन्नड घरातली, तिचं मराठी तुझ्या सासरी शिकलेलं, अडखळतं. ती म्हणाली, "नाही केला, अव्वा. एवढीशी कशाला करू? आक्का इथं पुरी आहे. रोज आधी हिला आंघोळ घालते, मग घरी जाऊन देवाला."

आईनं तिच्या हातातल्या ओल्या फडक्याकडं बघितलं.

मग गिरिजानंच राखणदाराला कन्नडमध्ये सांगितलं, की पुतळा ओला आहे, वर धूळ बसेल, वाळेपर्यंत कापड टाकते, रोजच टाकते. तो तिच्याकडं बघून हसला, म्हणाला रोज मी आंधळा असतो वाटतं, आणि चहाला गेला. आईनं घडी मोडली. एक टोक आईनं धरलं, एक गिरिजानं, आणि दोघींनी ते तुझ्या खांद्यांवरून, पाठीवरून, पार पायांपर्यंत घातलं. पदर आईनं डोक्यावर ओढला. तुझा डावा हात तेवढा बाहेर राहिला. मी काठाकडं बघत होतो. एके ठिकाणी धागा तुटल्यासारखा वाटत होता. नव्हता तुटला. ऊन पडलं होतं.

चहा पिऊन राखणदार परत येईपर्यंत तू आपल्या लुगड्यात होतीस.

मग ते काढावं लागलं. असं काढलेलं लुगडं पुन्हा घरात न्यायचं नसतं, आणि तिथं ठेवताही येत नव्हतं. मी मनात नदी, देऊळ, झाड असं सगळं शोधत होतो. आईनं सावकाश घडी घातली, काठाला काठ लावून, आणि ती गिरिजाच्या हातावर ठेवली.

गिरिजा घाबरली. "हे आक्काचं," म्हणाली.

"तिनं नेसलं की आता," आई म्हणाली. "थोरलीचं नेसलेलं धाकटीनं नेसायचं आसतंय. नेसून दाव, कसं दिसतंय."

आडोशाला जाऊन ती नेसून आली. तिला थोडं आखूड होतं. आई म्हणाली, "उंच हायस गं तू," आणि निऱ्या सारख्या करून दिल्या.

दाजींच्या घरी आम्ही गेलो नाही. आईचा पाय वळला असता, पण ऊन कलत होतं आणि मला अंधारात गाडी चालवायची भीती वाटते. येताना आई माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपली. चालत्या गाडीवर! मी तिच्या शालीनं तिला माझ्या कमरेशी बांधून घेतलं आणि सगळा रस्ता हळू, डाव्या कडेनं आलो. 'लेक उघडी गेली' हे ती वाटेत एकदाही म्हणाली नाही. आज उठल्यावर म्हणेल का? माहीत नाही. पण मला वाटतं, नाही म्हणणार.

अंग अजून ठणकतं आहे. उद्या मागावर जायचं आहे. तरी एक शब्द देतो, आक्का. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. गिरिजाला आणायला मी जाईन. आईनं निघताना तिला पंचमीला ये म्हणून सांगून ठेवलं आहे, फक्त आणायला कोण येणार ते सांगायचं राहिलं. बसनं नाही, याच गाडीवर आणीन. निघण्याआधी बागेत थांबून तुला पाणी घालू, आणि तू कशी आहेस ते आईला घरी येऊन क्रमानं सांगू.

तुझा,
म्हश्या (महेश)