माझ्याच दिवाणखान्यातली माझी शवपेटी

केसोन सिटी,
मंगळवार

प्रिय सोलेदादताईस,

धाकट्या पुरिंगचा सादर नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? मी जिवंत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या गल्लीचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही, आणि त्याचं सारं श्रेय तुझ्या चिरंजीवांना आहे.

"मावशी, एक दुपार दिवाणखाना दे ना," म्हणत नोनोय आला. दिग्दर्शक म्हणून पोराचा पहिलाच सिनेमा, म्हणून दिला. (शाळेत सिस्टर बेनिल्डांनी आपल्याला दानधर्म शिकवला, पण त्यांची सिनेमावाल्यांशी गाठ पडली नव्हती.) प्रसंग म्हातारीच्या अंत्यदर्शनाचा. शवपेटी आली, मेणबत्त्या आल्या, रडणारी नायिका आली, फक्त म्हातारीचा फोटो यायचा राहिला. तेव्हा तुझ्या लेकाने भिंतीवरचा माझा, शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशीचा फोटो काढून पेटीवर ठेवला. मला विचारलं? छे! आवाज नको म्हणून मला कुत्र्यासकट वरच्या खोलीत बसवलं होतं.

फाटक उघडं, आत पेटी, वर माझं तोंड. आपल्याकडे याहून वेगळं निमंत्रण कुणाला लागतं? शेजारची बिसिंग पान्सितचं पातेलं घेऊन हजर झाली (शेवयांत कोळंबी औषधालासुद्धा नव्हती, माझ्या मरणाची ही किंमत!). पुरुषांनी रिवाजाप्रमाणे मयताच्या जागरणासाठी अंगणात पत्ते मांडले. कॅमेरा पाहून लोकांना वाटलं, परदेशातल्या नातेवाइकांसाठी चित्रण चाललंय. नोनोयला वाटलं, ही गर्दी निर्मात्याने पाठवलीय. शहाण्याने सगळ्यांना पेटीभोवती उभं केलं आणि कॅमेरा सुरू केला.

गलका ऐकून मी जिन्यावर आले, तिथून मला सगळं ऐकू येत होतं. बिसिंग हुंदका देत म्हणाली, "गेली गं बिचारी! आता भांडायचं तरी कुणाशी?" इथवर मी सहन केलं. मग नाक पुसून म्हणते, "चर्चमधली फुलं आता मीच लावीन. हिची फुलं म्हणजे नुसती पालेभाजीची जुडी."

मी उतरले. दुपारी पडले होते, म्हणून केस मोकळे आणि अंगात पांढरा गाऊन. "बिसिंग, फुलांना हात तर लावून बघ!" एवढंच बोलले. पातेलं पालथं, पत्तेवाले कुंपणावरून पसार, नायिका खरोखर बेशुद्ध (दिवसभरातला तिचा पहिला चांगला अभिनय). आणि नोनोय? मावशीला सावरायचं सोडून ओरडतो, "कॅमेरा थांबवू नका!" कौटुंबिक सिनेमाचा त्याने तिथल्या तिथे भुताचा सिनेमा करून टाकला.

जन्मभर मुलींना शिस्त लावली, ती यासाठी? तो तुकडा कापून जाळायला सांग त्याला. भावोजींना दोन उबळींच्या मध्ये माझा नमस्कार पोचव.

तुझी संतप्त बहीण,
पुरिंग

ता. क. जाळायची घाई नको. निर्माता म्हणे तोच प्रसंग कुणा नामवंत नटीला घेऊन पुन्हा चित्रित करणार आहे. जिना माझा, फोटो माझा, बिसिंग माझी, आणि भूत परकं? तू आई आहेस, कान धर त्याचा!

आणखी एक. भुताला मरण नसतं, त्यामुळे दुसरा भाग सहज निघेल. मी पांढरे गाऊन शिवायला टाकलेत. बिसिंगलाही सिनेमात घ्यायला सांग. किंचाळते छान.