कढई न चढवता उघडलेलं दुकान

चेरीताल, जबलपूर
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस (आमच्याकडे यंदा नव्हतं, शेजारच्या मंगलाष्टका ऐकल्या)

ती. हेमलताताई यांना श्रीकांतचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घालता का, हे आधी विचारतो, कारण विनता असती तर तिने तिच्या ताईला पहिल्यांदा हेच विचारलं असतं. मी बरा आहे. झोप लागते, जाग येते, मधल्या वेळात जेवतो. पत्र लिहायची मला सवय नाही, पण फोनवर तुम्ही "आणखी काय" म्हणालात की मला आणखी काही सुचत नाही आणि आपण दोघंही गप्प बसतो. (मागच्या वेळी तर मला वाटलं फोन कटला, म्हणून मी ठेवून दिला. क्षमा असावी.) मागायचं काही नाही. दुकानाचं काय झालं एवढंच कळवतो.

फाल्गुनात विनताचे दिवस झाल्यावर शैलेंद्र आणि शरयू पुण्याला परत निघाले तेव्हा म्हणाले, बाबा, घर बंद करा आणि चला. मुलगा-सून चांगली आहेत, तक्रार नाही. पण पुण्याच्या घरात विनता दोनदाच गेली होती. इथे जागोजागी ती नाही हे दिसतं, तिथे तेही दिसणार नाही. हे मला बोलता आलं नाही, म्हणून मी म्हणालो की तिच्या फराळाचं काम चालू ठेवीन. तुम्हाला माहीतच आहे, दर दिवाळीला जबलपूरच्या निम्म्या मराठी घरांत चकल्या-अनारसे तिचेच जायचे. शैलेंद्र पडला कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, मग नीट करू, ऑनलाइन दुकानच बांधतो. दिवाळीत चाललं तर बाबा इथेच राहतील, नाही चाललं तर पुण्याला येतील, असं ठरलं. (ठरलं म्हणजे तो बोलला आणि मी काही बोललो नाही. आमच्याकडे असंच ठरतं.)

दर रविवारी तो पुण्यात बसून दुकान बांधायचा आणि मी इथून तपासायचो. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली, त्यामुळे वस्तू मोजून देणं मला जमतं, विकणं जमत नाही. तो विचारायचा, चकलीचा भाव काय? विनताचा एक भाव कधी नव्हताच. फोन आला की ती आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची. सासऱ्यांना साखरेचा त्रास असला की लाडू कमी द्यायची, मागितले तरी. शैलेंद्र म्हणाला, बाबा, असं प्रोग्रॅममध्ये बसत नाही. मग 'सूचना' म्हणून एक रिकामा चौकोन ठेवला. तो शेवटपर्यंत रिकामाच राहिला. गिऱ्हाइकाने निवडलेला माल ज्यात जमतो त्या टोपलीच्या चित्रावर आमचे बरेच रविवार गेले. त्याला चाकांची गाडी हवी होती, मला वाटत होतं चकली आणायला कोणी गाडी ढकलत जात नाही. एकदा सकाळी पाहिलं तर कुणीतरी टोपलीत अर्धा किलो शंकरपाळे टाकून तसेच निघून गेलेले. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच. मला फार वाईट वाटलं, की बघून आवडले नसतील. पुढे कळलं, तो मीच होतो, तपासताना.

दुकानाचा नंबर विनताचाच ठेवला, लोकांना तोच पाठ म्हणून. त्यामुळे मालात काही बदल करायचा तर आधी तिच्या फोनवर आकडे येतात आणि ते भरल्याशिवाय दुकान हलत नाही. म्हणून तिचा फोन मी रोज चार्ज करतो. तिला विचारल्याशिवाय या घरात पूर्वीही काही होत नव्हतं.

पहिल्या पानावर तिचा फोटो हवा होता. एकटीचा चांगला फोटो आपल्याकडे एकच, तेराव्याला मोठा करून घेतला तो. शैलेंद्रने कॉम्प्युटरवर हार काढून टाकला, पण डाव्या खांद्यावर झेंडूचं एक फूल राहून गेलं. नवरात्रात दुकान उघडलं आणि विनताच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर निरोप गेला. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही. संध्याकाळी चकलीच्या चित्राखाली पहिला अभिप्राय आला: फार वाईट झालं, ईश्वर वहिनींना सद्गती देवो. पाच तारे. (तारे दिल्याशिवाय अभिप्राय पुढे जात नाही, ही शैलेंद्रची व्यवस्था.) मग अनारशांखाली ओम शांती, पाच तारे. चिवड्याखाली विनताच्या जुन्या गिऱ्हाइकाने, पुष्पाने, लिहिलं की अजून विश्वास बसत नाही. बाबाराव मास्तरांनी सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगलं लिहिलं, आणि तारे चार दिले. त्यांनी जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. ऑर्डर एकही आली नाही.

मला वाटलं, लोक सणाच्या तोंडावर मागवतील. म्हणून वसुबारसेच्या आधी मी माळ्यावरून मोठी कढई काढली आणि राधाबाईला बोलावलं. इतकी वर्षं विनताच्या जोडीला बसून तळणारी तीच. ती आली आणि दारातच थांबली.

"भैया, कढई काहून काढून राहिले?"

"चकलीसाठी."

"कोणाच्या घरी?"

म्हटलं, इथेच. तिने चपला काढल्या नाहीत. "वर्ष नाही झालं नं अजून," ती म्हणाली. "यंदा या घरात सणाचं तळण होत नाही. तुम्ही खरंच विसरले, का विसरल्यासारखं करून राहिले?"

ताई, मी खरंच विसरलो होतो. शैलेंद्रही. टोपलीचा रंग, पिनकोड, भाव, सगळ्यावर आम्ही बापलेक फोनवर भांडलो. विनताचा फोटो पहिल्या पानावर लावला. आणि हे दुखवट्याचं वर्ष आहे, या घरात दिवाळीची कढई चढत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. निरोप मिळालेल्या प्रत्येकाच्या मात्र लक्षात आलं होतं, आणि एकानेही बोलून दाखवलं नव्हतं. राधाबाई म्हणाली, माझ्या घरी तळू. पण शेजारच्या भानुमतीकाकूंनी भिंतीपलीकडूनच सांगितलं, "अरे श्रीकांत, तळ कुठेही, नाव तर तुझ्याच घराचं नं? कोणी नाही म्हणणार नाही तुला, पण मागवणारही नाही. रहने दे यंदा." कढई परत माळ्यावर गेली. मी विनताच्या फोनवरचे आकडे भरले आणि एकेका पदार्थापुढे 'माल संपला' असं करून टाकलं. ते मला करता येतं, स्टोअरमध्ये तेच करत होतो.

धनत्रयोदशीपासून डबे यायला लागले. ज्या घरात कढई चढत नाही त्या घरी इतरांनी फराळ पोचवायचा, हेही मी विसरलो होतो. ज्यांना दुकानाचा निरोप गेला होता तेच सगळे आले. ज्यांच्या घरी मी चकल्या पोचवणार होतो त्यांनी माझ्या घरी पोचवल्या. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून पुष्पा आली. म्हणाली, बारा वर्षांत घरी चकली केली नाही, विनतावहिनींकडूनच घ्यायचे. निम्म्या तेलात विरघळल्या, उरल्या त्या आणल्यात, हसू नका. मी हसलो नाही. तीच हसली आणि मग रडली. बाबाराव मास्तर सुनेने केलेले शंकरपाळे घेऊन आले आणि चार ताऱ्यांचं मला वाईट तर नाही वाटलं, असं विचारून गेले. कुणाची तरी मुलगी "अंकल जी, मम्मी ने भेजा है" म्हणून डबा ठेवून पळाली. यंदा जबलपूरच्या मराठी घरांतून पुष्कळ वर्षांनी पहिल्यांदा तळण झालं, आणि सगळ्या घरांत ते बिघडलं. मी प्रत्येक डब्यातलं थोडं थोडं खाल्लं. एकही चकली तिच्यासारखी नव्हती. बरं वाटलं.

तर दुकानाची हकिगत ही अशी. दिवाळी गेली, ऑर्डर आली नाही, तेव्हा ठरल्याप्रमाणे मला पुण्याला जायला हवं. बॅग खाली काढून ठेवली आहे. गुडघ्याला जपा.

आपला,
श्रीकांत

ता. क. डब्यांचं सांगायचं राहिलं. ओट्यावर ते ओळीने उभे आहेत, स्टीलचे, बहुतेकांवर नावं कोरलेली, त्यामुळे कुठला कुणाचा हे माहीत नाही असंही मला म्हणता येत नाही. विनताने आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. मी साखर घालणार होतो, तर राधाबाई म्हणाली, एवढी चकली खाल्ली आन साखर देता? फाल्गुनात वर्षश्राद्ध झालं की कढई चढवता येईल. तेव्हा चकल्या करून हे भरून द्यावे लागतील, आणि तोवर दुसऱ्यांचे डबे घेऊन पुण्याला जाता येत नाही. तळायला राधाबाई आहे. भाजणी मात्र विनता स्वयंपाकघराचं दार लोटून एकटी भाजायची, आणि ती तुमच्याकडून शिकली असं सांगायची. तुम्ही माघात येऊन राहाल का? मला शिकवा. स्टेशनवर मी घ्यायला येईन.

पुन्हा ता. क. शैलेंद्रला यातलं सध्या काही बोलू नका. पाडव्याला शरयूने दुकान उघडून पाहिलं, सगळीकडे 'माल संपला' वाचलं आणि फोनवर माझं अभिनंदन केलं. मी नेहमीसारखा काही बोललो नाही. शैलेंद्र म्हणतो, माल सगळा संपलाय पण ऑर्डर एकही दिसत नाही, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक आहे. ऑफिसातून आला की रोज तीच शोधत बसतो, आणि ती सापडेपर्यंत माझ्या जाण्याचा विषय त्याने बाजूला ठेवला आहे. मुलगा हुशार आहे, ताई. तेव्हा माघापर्यंत थांबू नका, जमलं तर आधीच या.