वाढीव पट्टी

आबा,

काल आपला प्रोग्राम बंद झाला. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो अजून चालत होता, आणि त्याच्यासाठी म्हणून त्यांनी एक जुना काँप्युटर जपून ठेवला होता. तिथल्या इंजिनिअरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, नवीन घेतलंय आता. साच्यात लोखंड कसं भरतंय तेबी दिसतंय ह्यात. पण तुमचा पहिला प्रश्न त्यात नव्हता. आमचे पॅटर्नवाले अडूनच बसले की! तो प्रश्न आल्याशिवाय मापं देणार न्हाय म्हणाले. मग तेवढा घालून घेतला." मी बरं म्हणाले, अभिनंदन म्हणाले आणि फोन ठेवला. वाईट वाटलं असं नाही. खरं सांगायचं तर छाती फुगली. तुम्ही जाऊन तीस वर्षं उलटली, आणि तुमच्यासमोर मिरवायची माझी खोड काही गेली नाही, म्हणून लिहायला बसले.

तो प्रश्न कुठून आला हे सांगायचं तर शाळेपासून सुरुवात करावी लागेल. मी पाचवीत होते. भूमितीच्या तासाला पट्टी हवी होती आणि माझी हरवली होती, म्हणून मी तुमच्या पेटीतली पितळी कडांची पट्टी न विचारता उचलली. गुरुजींनी सहा इंचांची रेघ काढायला सांगितली. मी काढली. त्यांनी मोजली आणि हातावर छडी दिली. दुसरी काढली, दुसरी छडी. चौथ्या रेघेपर्यंत माझा तळवा लाल झाला आणि वर्गाची करमणूक झाली. घरी येऊन मी भोकाड पसरलं, की तुमची पट्टी खोटी आहे. तुम्ही रंधा खाली ठेवून इतके हसलात की लाकडाचा भुस्सा तुमच्या मिशीतून उडाला. मग मला मांडीवर घेऊन समजावलंत. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तुम्ही तिचा लाकडी पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा, आणि त्यात रस ओतायचा. रस निवताना लोखंड आकसतं, फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब करत कोण बसणार, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात फुटामागं एक सूत लांब असते. तुमच्या फौंड्रीच्या शॉपमध्ये तिला इंग्रजी नाव होतं. तुम्ही म्हणायचात वाढीव पट्टी. "खोटी न्हाय गं ती. पुढं काय हुणार ते आधीच धरून चालतीया." हे मला पाचवीत कळलं होतं, आबा. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं त्याचीच मला लाज वाटते.

पंचाऐंशी-शहाऐंशीचा सुमार. कॉलेजात गणित शिकवायची कायमची नोकरी मी सोडली आणि घरच्या पुढच्या खोलीत काँप्युटर आणून ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. तुमचं सुतारकाम त्याच खोलीत चाले, तेव्हा भुस्सा जाऊ नये म्हणून तुम्ही मधे जुन्या धोतराचा पडदा लावलात. भावकीतले लोक येऊन विचारत, पोरगी काय करते? तुम्ही सांगत, "कंपनी काढलीया." कितीजण आहेत कंपनीत? "मालक तीच, साहेब तीच, शिपाईबी तीच. चहा तेवढा हिची आई देती." मी लेटरहेड छापून घेतलं होतं, त्यावर खाली विक्री विभाग, तांत्रिक विभाग असं लिहिलं होतं. ते बघून तुम्ही मला जेवायला हाक मारायचात, "तांत्रिक विभागाला म्हणावं, भाकरी निवाय लागल्यात." चिडवत होतात, पण लेटरहेडचे दोन कागद घडी करून खिशात ठेवलेलेही मी पाहिले होते. शॉपमध्ये कुणाकुणाला दाखवलेत, कुणास ठाऊक.

प्रोग्राम साधा होता. वस्तूची मापं घाला, तो तिचं वजन सांगे, म्हणजे भट्टीत किती लोखंड वितळवायचं ते ओतायच्या आधीच कळे. तोवर सगळा अंदाजपंचे कारभार. रस कमी पडला की अर्धा साचा वाया, उरला की वाळूत ओतून टाकायचा. लिहिला मी एकटीनं, फ्लॉप्या मीच कॉपी केल्या, त्यांवर लेबलं मीच चिकटवली. पण विकणार कशी? उद्यमनगरात, त्या फौंड्र्यांच्या वस्तीत, लुना घेऊन फिरले. मालकमंडळी पावणं म्हणून खुर्ची द्यायची, चहा पाजायची आणि निरोप द्यायची. एकानं तर तोंडावर सांगितलं, "ताई, लोखंडाचं काम हाय हे. बाईमाणसानं उगं कशाला हात काळं करायचं?" तेव्हा मला पाकिटाची युक्ती सुचली. मी म्हणायचे, काँप्युटर बघू नका, कागदही बघू नका. उद्या जो जॉब ओतणार त्याची मापं द्या. मी वजन लिहून पाकीट बंद करून देते. माल निवला की काट्यावर चढवा आणि मग पाकीट फोडा.

कोल्हापूरच्या माणसाला माल नको असेल, पण पैज सोडवत नाही. तुम्ही जिथं एकोणतीस वर्षं काम केलंत त्याच फौंड्रीत पहिलं पाकीट फुटलं. वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डरचाचांनी साचा काढून माल काट्यावर ठेवला. फरक निघाला अर्धा किलोचा. चाचा ओरडले, "अरे, ये तो जादू हाय रे! पोरगीनं न बघता सांगितलं की!" पैज हरलेल्यांनी सगळ्या शॉपला कटवडा खिलवला. नंतर माझं पाकीट उघडायला बाजूच्या शेडमधले लोक येऊन उभे राहू लागले. नऊ पाकिटं बरोबर आली. तुमच्या फौंड्रीचे मालक मला म्हणाले, "ताई, आता पॅटर्नची मापंबी तुमच्या काँप्युटरनं काढून द्यायची. हे एक काम नीट उतरू दे, प्रोग्राम मी घेतो. आन् मी घेतला म्हंजे उद्यमनगर घेतंय."

काम होतं राधानगरीकडच्या एका गुऱ्हाळाच्या चरकाची बैठक. जमिनीत बोल्ट आधीच पक्के बसवलेले, त्यांच्यातलं अंतर अठ्ठेचाळीस इंच, आणि बैठकीची भोकं बरोबर त्यांवर बसायला हवीत. माप मालकांनी थेट मला दिलं. प्रोग्राममध्ये मी नवीन भाग घातला होता, आकसण्याची वाढ तो आपणहून धरत होता. त्यानं कागदावर छापलं, साडेअठ्ठेचाळीस. तो कागद मी तुमच्या हातात दिला, आणि तुम्ही पॅटर्न केलात. दहावं पाकीट मी एकशे ऐंशी किलोचं दिलं.

काटा एकशे पंचाऐंशीच्या पुढं गेला. दोनदा वजन केलं, तेच. कुणीतरी मागून म्हणालं, "काँप्युटर आज उपाशी आलाय वाटतं." मालकांचा चेहरा उतरला. नोकरी सोडलेली, घरच्यांना, भावकीला, उद्यमनगराला सांगून बसलेली, आणि सगळ्यांच्या देखत तो काटा. तुम्ही साधी टेप काढलीत आणि भोकांमधलं अंतर मोजलंत. मग मालकांना विचारलंत, "बोल्टात अंतर किती सांगितलं हुतं तुम्ही?" ते म्हणाले, अठ्ठेचाळीस. तुम्ही पॅटर्नवर चिकटवलेला माझा कागद काढून घेतलात, त्याची घडी घातलीत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलीत. मला वाटलं, नुसतं आवरताय. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मालक, माल अर्धा इंच मोठा झालाय. कागदाची चूक न्हाय. पॅटर्नची हाय. माझा हात चुकला. डोळ्यांनी कमी दिसाय लागलंय आता."

चाचांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. आजवर तुमची चूक कुणी पाहिलीच नव्हती. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "जा घरी. ह्या चुकल्या मालाची खरी मापं घाल आन् वजन आण." मी लुना पिटाळली. आलेला आकडा एकशे पंचाऐंशी आणि वर थोडं. कागद घेऊन परत आले, मालकांनी तो काट्याशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे काँप्युटरला चुकीचं दिलं तर चुकीचं वजनबी बरोबर सांगतोय. घेतला प्रोग्राम." माझा पहिला प्रोग्राम असा विकला गेला.

आणि मी काय केलं? घरी येताना रस्त्यावर तुम्हांला बोलले. घरात मी कोल्हापूरच्या सगळ्या पोरींसारखी येतो-जातोच म्हणायची. म्हणाले, "चष्म्याचा नंबर बघून घ्या म्हणून कधीचं सांगतो मी. आज माझं वाटोळं झालं असतं." तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. "व्हय, बघू की," एवढंच म्हणालात.

स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चुलीसमोरच्या फरशीवर बसलात, खिशातला कागद उलगडलात, शेजारी साधी पट्टी ठेवलीत आणि तिच्या शेजारी वाढीव. मला म्हणालात, "वाच." मी वाचलं, साडेअठ्ठेचाळीस. "कशाचं माप हाय हे? मालाचं का पॅटर्नचं?" कागदावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी दोन्ही पट्ट्यांकडं बघितलं आणि माझा तळवा झोंबला, पाचवीतला. आकसण्याची वाढ मी कागदातच घातली होती. तुम्ही ते मालाचं माप समजून, पॅटर्नवाल्यानं घ्यावी तशी वाढीव पट्टी घेतलीत, आणि वाढ दुसऱ्यांदा पडली. "तुझा कागद हाय म्हटल्यावर मी शंका कशाला घिऊ?" तुम्ही म्हणालात. आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "भाजीत दोघांनी मीठ घातल्यागत झालं की," ती म्हणाली. तुम्ही हसलात. मला हसू येईना. "शाळंत छड्या खाल्ल्यास, तरी इसरलीस व्हय गं?"

मी ताडकन उठले. आत्ताच्या आत्ता जाऊन मालकांना सांगतो म्हणाले. तुम्ही आवाज चढवलात, जो माझ्यावर फार क्वचित चढायचा. "बस खाली! माझी एक चूक मालक पचवतील, एकोणतीस वर्सं बघितलंय त्यांनी मला. तुझी ही पयलीच हाय. ती न्हाय पचायची. बाईची तर न्हाईच." मग आवाज खाली आणून म्हणालात, "तू माप काढाय शिकलीस. पण समोरच्याच्या हातात कुठली पट्टी हाय, ते इचारल्याबिगर माप द्यायचं न्हाय. उद्या तुझ्या काँप्युटरनं पयलं तेच इचारलं पायजे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो प्रश्न घातला, इंग्रजी अक्षरांत, मराठी भाषेत. पट्टी कोणती, साधी का वाढीव? उत्तर दिल्याशिवाय पुढं जाताच येत नसे. बैठकीचा नवा पॅटर्न तुम्ही चार दिवसांत केलात, एका पैचीही मजुरी न घेता. बोल्टांवर ती हातानं ढकलताच बसली. त्याच आठवड्यात वाढीव पट्टी तुम्ही माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. म्हणालात, "राहू दे हिथंच. डोळ्यासमोर असली म्हंजे इचारायचं ध्यानात ऱ्हातंय." ती अजून तिथंच आहे.

मालकांचा शब्द खरा ठरला. उद्यमनगरानं प्रोग्राम घेतला, मग शिरोली, सांगली, पार बेळगावपर्यंत. दुसरे लोक माझ्याहून मोठाले काँप्युटर आणि टायवाले विक्रेते घेऊन आले, पण पॅटर्नवाले त्यांना विचारत, तुमचा पट्टी विचारतो का? आणि ते एकमेकांच्या तोंडाकडं बघत. प्रश्न कुणाला सुचला असं मला विचारलं की मी सांगायची, माझ्या वडलांना. अभिमानानं सांगायची. पण कोणत्या दिवशी सुचला ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मालक भेटायला आले होते. चटईवर बसून डोळे पुसत म्हणाले, "असला कारागीर पुन्हा हुणार न्हाय. सबंध आयुष्यात एकच पॅटर्न चुकला, तोबी वयानं." मी त्यांच्यासमोर बसले होते. माझी कंपनी तेव्हा उभी राहिलेली होती, मला कुणाचं भय नव्हतं आणि गप्प बसवायला तुम्हीही नव्हतात. आता मालकही नाहीत, आणि हे पत्र पाठवावं असं कुणी उरलेलं नाही. आबा, मी तेव्हा मान डोलावली, म्हणाले, व्हय, डोळ्यांनी कमी दिसत होतं त्यांना, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले.