पप्पांच्या छातीचा फोटो

एखाद्याच्या छातीचा एक्स-रे त्याच्या पश्चात कोणाच्या मालकीचा? मी घरातली पहिली पदवीधर, पण याचं उत्तर मला येत नाही. तरीही मी, संघमित्रा धोंडिराम गायसमुद्रे, वय चोवीस, राहणार जोगेश्वरी पूर्व, अंगात ताप असूनही पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. तापामुळे मला पोटमाळ्यावर वेगळं ठेवलं आहे; उद्या रुग्णालयात हलवणार आहेत.

१. बँकेतली शिल्लक आईची. पदवीचं प्रमाणपत्रही तिचंच. पाहुण्यांना दाखवताना दुमडू नये.

२. पप्पांचं गिलाव्याचं घमेलं शेजारच्या सुंदराबाईंना. याच घमेल्यात गरम पाणी आणि सोडा घालून आम्ही चाळीतले जुने एक्स-रे धुतले. काळं निघालं की पारदर्शक फिल्म उरते; तिला स्पंज आणि इलॅस्टिक लावून नर्स, सफाई कामगारांसाठी फेसशील्ड केल्या. "लोकांची हाडं धुतेस, अंगाशी येईल गं," असं सुंदराबाई म्हणाल्या होत्या. अंगाशी आलं, पण त्यामुळे नाही. पुढे स्वतःच्या गुडघ्याचा फोटो त्यांनीच आणून दिला, म्हणून तो राग मी सोडला आहे.

३. उरलेला स्पंज आणि स्टेपलर शील्ड करणाऱ्या आमच्या गटाकडे राहावेत. चाळीतल्या फिल्म संपल्या. काम थांबू नये.

४. पोटमाळ्यावरच्या पेटीतला पप्पांचा शेवटचा एक्स-रे धाकटा भाऊ विकी याचा. पप्पा सिमेंटच्या धुळीने गेले. विकी तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघत बसायचा. "ताई, सगळ्यांचे धू. पप्पांना हात लावू नको," असं त्याने बजावलं होतं आणि मी शब्द दिला होता.

सोमवारपासून तो कोविड वॉर्डात कंत्राटी वॉर्डबॉय म्हणून लागतो. तिथे शील्ड देतील का, विचारलं तर हसला. "आपण काय डॉक्टर आहोत काय?" आमच्या शील्ड कुठे कुठे गेल्या; घरात एकही राहिली नाही.

सबब, कलम चारमधली वस्तू मूळ स्वरूपात देता येत नाही. आज सकाळी आईने वाफेसाठी वर पाठवलेल्या पाण्यात मी सोडा टाकला. आधी फासळ्या गेल्या, मग कोपऱ्यातलं पप्पांचं नाव. विकी, शील्ड जिन्याच्या खिळ्याला अडकवली आहे. साबणाने पुसून घाल.

सही : संघमित्रा धो. गायसमुद्रे

दाराबाहेर उभं राहून सही होताना पाहिली :
रश्मी तोडणकर
नंदकुमार साळसकर

जोगेश्वरी, १६ मे २०२०