वेदिकेच्या गाड्यांचा नवस

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

ओढा, ता. नाशिक
१४ जून १९९९

ती. सौ. छायाताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, तुमच्याकडचे कळावे. आंतरदेशीयात जागा थोडी, म्हणून लगेच मुद्द्यावर येते. वेदिकेला चार महिने तुझ्याकडे ठेवून घेशील का? देवळ्याला रेल्वे नाही, एवढ्याच कारणाने विचारते आहे.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं. होळीनंतर ती परसदारातून निसटली आणि थेट रुळात जाऊन उभी राहिली. फाटकवाल्या सोमाने फ्रॉकला धरून मागे ओढली, मालगाडी समोरून गेली. तेव्हापासून दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. ती आत, म्हणून मीही आत. नाशिकच्या डॉक्टरांनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं. जन्मतःच असतं, कोणाचा दोष नाही, अशा बऱ्याच मुलांना गाड्यांचं वेड असतं म्हणे. माणसं रोज वेगळी वागतात, गाडी रूळ सोडत नाही, म्हणून या मुलांना ती बरी वाटत असावी. सासूबाईंचं म्हणणं, ज्याला औषध नाही ते देवीचं काम.

चैत्रात गडावर गेलो तेव्हा मला तिसरा महिना होता. सासूबाई म्हणाल्या, पोटातलं तरी धड बोलतंचालतं होऊ दे म्हणून माग, आणि घरात सगळ्यात लाडकं असेल ते सोड. मी ओटी भरून बोलले, की बाळ मांडीवर येईपर्यंत माझी वेदिका आगगाडी बघणार नाही. वाटलं, नवसही होईल आणि पोरीचा जीवही वाचेल. पण घर रुळांपासून हाकेवर. गाडी दिसली नाही तरी ऐकू येते. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसला ती खिडकीचे गज धरून कपाळ आपटते. मला बघवत नाही आणि खिडकी उघडवत नाही.

भाऊजींना विचारून कळव. तुझा लोभ आहेच, त्यात यंदा थोडी भर घाल.

तुझी,
सुवर्णा


देवळा
२ जुलै १९९९

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

पोरगी आली त्याला बारा दिवस झाले, पत्राला उशीर झाला. आमच्या कांद्याच्या चाळीत तिने पहिले आठ दिवस काय मांडामांड केली म्हणून सांगू! मोठा कांदा पुढे, मागे सगळे सारख्या मापाचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कामाला येणारी अंबूबाई म्हणते, हिला रोजावर घ्या, अशी प्रतवारी आमच्या बापाला जमली नाही. मध्ये कोणी पाय ठेवला की ही किंचाळणार. तुझे भाऊजीसुद्धा आता चाळीला वळसा घालून जातात, घरात माझ्यापुढे कधी इतके नमले नाहीत.

पण चार दिवसांपासून मांडणं बंद आहे. रडत नाही, आपटत नाही. तुझी सासू म्हणेल, गुण आला. मला काही हा गुण वाटत नाही ग. घास तोंडात धरून बसते आणि गिळायचं विसरते. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला.

एक विचारते, रागावू नको. तू मॅट्रिक झालेली, मी सातवी नापास. नवसाला बाई आपलं काहीतरी सोडते. आईने गूळ सोडला होता, मी धाकट्याच्या वेळी भात सोडला. तू कोणाचं सोडलंस?

जिवाला जप. पाय सुजत असतील तर उशीवर ठेवत जा. आशीर्वाद लिहून संपले तरी मनात शिल्लक आहेत.

छाया


ओढा
९ जुलै १९९९

ती. सौ. ताईस,
सा. न.

पत्र तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. तू विचारलेलं टोचलं. आई आणि लेकरू काय वेगळं असतं का? बोलले ते बोलले. देवीपुढचा शब्द ही वाण्याची डाळ नाही, खडे निघाले म्हणून परत करायला. खर्चाच्या वहीत मागच्या पानावर दिवसांच्या रेघा ओढते. अजून नव्वद आहेत.

वेदिका इथे नाही तरी दाराला कुलूप लागतं. आता सासूबाई लावतात. म्हणतात, तू बाहेर पडलीस आणि गाडी बघितलीस तर पोटातलंही तुझ्या डोळ्यांनी बघेल. हे पहाटे झेंडू घेऊन बाजाराला जातात, दहाला येतात, आईने काय सांगितलं ते ऐकतात आणि झोपतात. पंचवटी गेली की मी पोळी तव्यावर तशीच ठेवून उभी राहते. कपाळ आपटल्याचा आवाज येत नाही ना, ते ऐकत राहते.

तिला दूधभात कालवून दे. साय काढून टाक, तोंडाला लागली की ती ताटच लोटते. तू माझ्यावर रुसलीस तरी तिच्यावर माया राहू दे.

सुवर्णा


देवळा
२७ जुलै १९९९

चि. सौ. सुवर्णास,
आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

काल तुझे भाऊजी ट्रॅक्टर भरून लासलगावला निघाले, तिथे भाव बरा म्हणून. मी वेदिकेला घेऊन मागे बसले. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आमचे डॉक्टर सलाईनची भाषा करायला लागले होते. लिलाव चालू झाला तशी मी तिचा हात धरला आणि स्टेशनात गेले.

मालगाडीत कांद्याची पोती चढवत होते. ती चार हात लांब थांबली. मग एकेक डबा बघत शेवटच्या डब्यापर्यंत गेली, मी बरोबर. हात सोडवला नाही तिने. गाडी हलली तेव्हा टाचा उचलून हसली, सुवर्णा. मी हिला हसताना बघितलंच नव्हतं. नंतर बाकावर बसून माझ्या फडक्यातली दीड भाकरी खाल्ली, वर ठेचा. एक हमाल म्हणाला, मावशी, पोरगी कुठल्या दुष्काळातून आणली?

नवस मी मोडला. देवीला तिथेच हात जोडून सांगितलं, काय करायचं ते माझं कर. तुला न सांगता राहता येईना. शिव्या दे, पण पत्र दे.

छाया


ओढा
३ ऑगस्ट १९९९

ताई,

क्षेमकुशल लिहीत नाही.

तुझी तिन्ही पोरं धड आहेत, म्हणून तुला देवीशी असं बोलता येतं. तुझं पत्र आलं त्या दुपारी पोटातलं हललं नाही. दिवे लागेपर्यंत हललं नाही. मी देव्हाऱ्यापुढे पालथी पडायची ती पोटामुळे कुशीवर पडले. सासूबाई विचारत होत्या काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. दिवा लावला तेव्हा एक लाथ बसली.

कोणाला बोलू नकोस. भाऊजींना तर मुळीच नको.

दीड भाकरी खरंच खाल्ली का? उलट टपाली कळव.

सु.


ओढा
२४ ऑगस्ट १९९९

ती. सौ. छायाताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजी वेदिकेला पोचवून गेले. मी बोलावून घेतलं म्हणून तू घाबरली असशील. रागाने बोलावलं नाही.

मी बसून विचार केला. दोन महिन्यांनी बाळाला काही कमी-जास्त निघालं, तर ही माणसं कारण शोधणार. वेदिका कुठे होती, कोणाबरोबर होती, असं करत तुझ्या दारापर्यंत येणार. गेल्या मंगळवारी आंघोळ करून मी सासूबाईंना सांगितलं, की नवस मी मोडते आहे, किल्ली द्या. कोणी शिकवलं म्हणून दहादा विचारलं. मी म्हटलं, माझ्या मनाने. खोटं बोलले, पण तुझं नाव आता कोणी घेणार नाही.

फाटकाशी सोमाने आम्हाला आपल्या खोलीच्या भिंतीला टेकून उभं केलं. वेदिकेचा हात मी दोन्ही हातांनी धरला होता. पंचवटी आली तसे मी आधी डोळे मिटले. गाडीची धडधड माझ्या पोटापर्यंत आली, आणि मी डोळे उघडले. नऊ वर्षं गाडी आली की मी वेदिकेकडे बघत आले, गाडी काही बघितली नव्हती. लांब असते ग. ती गेल्यावर वेदिका आपणहून घराकडे वळली आणि सबंध वाटी वरण प्यायली. आता रोज सकाळी जातो.

घरात कठीण आहे. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत, चूल वेगळी मांडली. हे एकच वाक्य बोलले, की मुलाला काही झालं तर माहेरी जा. माहेर कुठे उरलंय, तू सोडून. मला भीती वाटते, ताई. रोज वाटते, पोट हललं नाही की जास्त वाटते.

देवीची माफी मागताना म्हटलं, त्याच्या बदली आता माझं काही सोडते. खूप वेळ बसले. गोड मी तशीही खात नाही. लुगडं सणाला एक. बाहेर जाणं नव्हतंच. माझं म्हणून सोडावं असं काही सापडेना. तेव्हा कळलं, चैत्रात माझ्या तोंडून वेदिकेच्या गाड्या का निघाल्या. या घरात कोणाला काही इतकं आवडतं, असं तेवढंच होतं.

नवरात्राच्या सुमारास दिवस भरतात. कसंही होवो, तू ये. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि ज्या मायेने माझा शब्द मोडलास ती माझ्यावर अशीच असू दे.

तुझी,
सुवर्णा