गोडबोल्यावर पाळत

३ मार्च, सोमवार

पुन्हा बातमी फुटली! दुसरी पाळी बंद करायची हे फक्त तिघांना माहीत – साहेब, मी आणि गोडबोल्या. निवेदन मी उद्या देणार होते. आणि आज पेपरात पहिल्याच पानावर – पंख्यांच्या कारखान्यातली दुसरी पाळी जाणार! फाटकापाशी कामगारांचा हा घोळका. मी आत शिरताना एकजण म्हणाला, "बाई, आम्हाला हे पेपरातून कळायचं का?" काय तोंड दाखवणार! म्हणे जनसंपर्क अधिकारी.

साहेब एवढंच म्हणाले, "शोधा कोण ते." आवाज अगदी शांत. शोधायचंय काय त्यात?

४ मार्च, मंगळवार

गोडबोल्या हे नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. माझ्या हाताखाली येऊन वर्षही झालं नाही, तर पहारेकऱ्यापासून युनियनच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा हा भाऊ! कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीची परीक्षा – सगळं तोंडपाठ. आज विचारलं, इतक्या गप्पा कशाला हो? तर म्हणतो, "मॅडम, अडचण आल्यावर ओळख काढायला गेलं तर कोण ऐकणार? ती आधीपासून हवी." वर हसतो.

मलाच धडे! संबंध कसे जपायचे ते माझ्याकडून शीक म्हणावं. आमचा दाढीवाला – कारखान्यांच्या बातम्या तोच लिहितो – दर शनिवारी चक्कर टाकतो. कायकाय विचारतो, पण इतक्या वर्षांत मी त्याला एक थाप मारलेली नाही. सांगण्यासारखं नसेल तर विषय बदलते. म्हणून तर मान देतो मला.

६ मार्च, गुरुवार

सापळा लावला. गोडबोल्याला एकट्यालाच सांगितलं – कारखान्याचं पाळणाघर बंद होतंय, कुठे बोलू नका. साफ खोटं. चेहरा एवढासा झाला त्याचा. नाटकी!

१० मार्च, सोमवार

पेपरात पाळणाघराबद्दल अक्षर नाही. म्हणजे सापळा ओळखला! वाटला त्याहून पोचलेला निघाला.

नवरा भांडी पुसता पुसता म्हणाला, "छापून आलं तर चोर, नाही आलं तर पोचलेला चोर. बिचाऱ्याने करायचं तरी काय?" याला ऑफिसातलं काय कळतंय! जेवताना बोललेच नाही त्याच्याशी.

११ मार्च, मंगळवार

जिन्यात फोनवर कुजबुजत होता. मला पाहिलं आणि गप्प. बास झालं.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांना सांगितलं. पुरावा नाही, पण खात्री आहे म्हटलं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दुपारपर्यंत गोडबोल्याचं टेबल रिकामं!

जाताना आला माझ्याकडे. "मॅडम, एकदा मला विचारायचं तरी होतंत." डोळे भरलेले. बायको बाळंत होऊन आठवडाही झालेला नाही, मुलगी झाली – हे मला आज पहारेकऱ्याकडून कळलं. अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. जिन्यातला फोन घरचाच असणार.

तरी मी बरोबर केलं. बरोबरच केलं.

१७ मार्च, सोमवार

रंगकाम विभाग दुसऱ्या गावाला हलवणार – पेपरात! हे तर साहेब आणि मी, दोघांनाच ठाऊक. टेबलाखाली, फोनखाली हात घालून पाहिलं. कपाटामागेही. रात्री नवऱ्याला विचारलं, मी झोपेत बोलते का रे?

"बोलतेस. पण तेही निवेदनच असतं."

याच्यावर तरी विश्वास ठेवावा का?

२२ मार्च, शनिवार

दाढीवाला आला. सरळ विचारलं – कोण सांगतं तुम्हाला?

तो चकितच झाला. "ताई, तुम्हीच की! फाटकावर ढीगभर अफवा असतात, त्या घेऊन मी येतो. खोटी असली की तुम्ही ताडकन म्हणता 'छे!' आणि खरी असली की विचारता, 'घरी सगळे बरे ना?' मला वाटलं, मुद्दाम करता!"

कान गरम झाले माझे. मग तो कधी गेला, कळलं नाही. एका बाळंतिणीच्या नवऱ्याची नोकरी घालवली मी. लाज वाटते, फार लाज वाटते. सोमवारी साहेबांना सगळं सांगणार – त्याला परत घ्या, हवं तर मला काढा.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, "मला माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला आधी सांगतो. पेपरातून कळलं की लोक पेपरवाल्याला शिव्या घालतात. आपल्यापर्यंत येईतो निम्मा राग निवतो."

मग त्याला का काढलंत?

"कामगार त्याचं ऐकायला लागले होते. निमित्त हवं होतं. तुम्ही आणून दिलंत."